मानीचा तुंबा

भावसिंगच्या घरात चुलीवरच्या आढ्याला एक तुंबा टांगलेला होता. त्याला कोणी हात लावायचा नाही, हे ढाणकीच्या अलीकडच्या त्या तांड्यात लहानथोरांना ठाऊक होतं. तुंबा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा. पाठीला बांधला की लेकरू पाण्यावर राहतं. भावसिंगनं अख्ख्या तांड्याची आणि अर्ध्या ढाणकीची पोरं अशीच शिकवली, आपल्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत, आणि त्यापायी कुणाच्या घोटभर चहाचा मिंधा झाला नाही.

त्याची रीत ठरलेली. आधी पोटाखाली तळवा धरायचा, मग तुंबा बांधून सोडायचं. आणि ज्या दिवशी पोर तुंब्याशिवाय विहीर आडवी पार करून येईल, त्या दिवशी तो तुंबा काठावर आपटून फोडायचा आणि आतल्या बिया पोराच्या ओंजळीत द्यायच्या. त्यानं त्या आपल्या कुंपणाला लावायच्या. पुढचे तुंबे त्याच वेलांचे.

आढ्यावरचा तेवढा फुटायचा राहिला होता. तो त्याच्या लेकीचा, मानीचा. पोरगी पाण्याची वेडी. स्वतःला धड येत नव्हतं, तरी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लहानग्यांच्या पोटाखाली हात धरायची, अगदी बापासारखी. ऐन शिकण्यात पावसाळा लागला, ताप आला आणि नऊ वर्षांची मानी गेली. तिच्या आईनं, नंदाबाईनं, तुंबा आढ्याला बांधला तो बांधला.

मग कपाशीची ती वर्षं आली. लोकांनी बीटी पार दारापर्यंत लावली, कुंपणं काढून टाकली. वेल चढणार कशावर? तुंबे संपले आणि गोठ्यागोठ्यात फवारणीच्या औषधाचे पांढरे कॅन साचले. काही घरांत बायका त्या कॅनकडे बघतसुद्धा नसत, आणि का ते कुणी विचारत नसे. पोरांना मात्र ते हलके, फुकटचे कॅन तरंगायला आयतेच सापडले. भावसिंगला ते मुळीच आवडत नव्हते. पण दुसरं होतं काय हाताशी? मागल्या उन्हाळ्यात त्यानं एक कॅन राखेनं घासून धुतला आणि आरजूच्या पाठीला बांधला. इथंच चुकला गडी.

आरजू ही ढाणकीतल्या अय्यूबची मुलगी. अय्यूब पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. पोरगी विहिरीच्या मधोमध गेली, कॅनचं बूच निघालं आणि ती दिसेनाशी झाली. भावसिंगनं उडी घेतली, तळ चाचपला, हाताला नुसता गाळ लागला. दम तुटायची वेळ आली तेव्हा वर आला, तर आरजू पलीकडच्या पायरीवर बसून खोकत होती.

"कोनंतरी खालून ढकललं," ती म्हणाली.

घाबरलेलं लेकरू काहीही बोलतं, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून त्याच्या विहिरीवर एक पोर फिरकलं नाही. उन्हाळा आला की विहिरीवरचा गलका ऐकायची सवय झालेल्या माणसाला ती शांतता खायला उठायची.

आणि यंदा चैत्रात एका सकाळी अय्यूब घरी आला. खांद्यावर ट्रकची ट्यूब, मागं आरजू.

"भाऊ, पोट्टीनं जिद धरली," तो म्हणाला. "अंगावर तांब्या घ्यायले भेते अन् म्हणते विहिरीतच जाईन. मी म्हनलं, गेली तं तुमच्याच हातानं."

"अजून भरोसा हाय माह्यावर?"

"नसता तं आलो असतो काय?"

पोरगी या खेपेला बिचकली, तर तिचं भेव जन्मभर जायचं नाही, आणि तसं झालं तर आपणही पुन्हा कोणाला पाण्यात उतरवायचं नाही, हे भावसिंगनं तिथंच मनाशी ठरवलं. आता काय बांधायचं, एवढाच सवाल होता. ट्यूब त्यानं बाजूला सारली. "याच्यात पोरगं बसते, पोहत नाई." पांगऱ्याचं हलकं लाकूड उचलून पाहिलं. ते तिच्या पाठीला रुतलं असतं. झरी जामणीकडच्या सोयऱ्यानं दिलेला एक नवा तुंबा होता. तो घंगाळात दाबून धरला. बुडबुडा आला नाही, पण तुंबा बारका होता. वर्षभरात पोरगी चांगली हातभर वाढली होती.

आरजू वर आढ्याकडं बघत होती. "तो," ती म्हणाली. "तो माह्या मापाचा हाय."

"तो नाई, बाई."

घरात वारा नव्हता. तरी आढ्याचा तुंबा सावकाश फिरला आणि आतल्या बिया खुळखुळल्या. नंदाबाई पाटावर चढली, तिनं स्वतः दोर सोडला आणि तुंबा नवऱ्याच्या हातात दिला.

"न्या," ती म्हणाली. "धुरात टांगून कायले ठेवाचा?"

मानीसाठी मारलेली गाठ तुंब्याच्या पट्ट्यावर तशीच होती. भावसिंगला ती सोडवेना. तुंबा पाण्यात दाबून बघायलाही हात धजेना. कानाशी हलवला, बिया वाजल्या, तेवढ्यावर भागवलं. आयुष्यात असं त्यानं कधी केलं नव्हतं. पट्टा आरजूच्या अंगाला जसाच्या तसा बसला.

विहिरीत खालच्या पायरीवर तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. अय्यूब वर काठावर होता. आरजूनं डोळे मिटले आणि पाण्यावर अंग टाकलं. चार हात गेली असेल नसेल, तर भावसिंगला दिसलं की तिच्या पाठीवर तुंबा दिसत नाही. तो पाण्याखाली गेला होता आणि त्याच्यातून बारीक बुडबुडे येत होते. हाक मारावी तर पोरगी दचकणार. त्यानं उडीसाठी पाय उचलला आणि तसाच थांबला, कारण आरजू बुडत नव्हती. ती सरळ, सपाट चालली होती. पोटाखाली कुणाचा तळवा असला म्हणजे लेकरू चालतं, तशी. पलीकडच्या पायरीला हात लावून ती वळली आणि हसतच परत आली.

"बाबा, तुम्ही हात कवा काढला?" तिनं भावसिंगला विचारलं.

भावसिंग पायरीवरून हलला नव्हता. त्यानं तिच्या पाठीवरचा तुंबा सोडला, तर तो हातात धरवेना, इतका जड झालेला. जुन्या गाठीखाली भुंग्यानं पोखरलेलं भोक होतं. असल्या तुंब्यानं कोणाला तरंगवलं असतं?

पोर तुंब्याशिवाय पार गेलं होतं. रीत ती रीत. भावसिंगनं तुंबा काठावर आपटला. आतून पाणी आलं, तळाचं असतं तसं गारढोण, आणि मागून बिया. अर्ध्या त्यानं आरजूच्या ओंजळीत घातल्या. उरलेल्या आपल्या मुठीत ठेवल्या.

बापलेक गेले. अय्यूबला कळलं की नाही कुणास ठाऊक. जाताना त्यानं विहिरीकडे बघून हात मात्र छातीला लावला. भावसिंग वाकला आणि पाण्याकडं बघत, आपल्या गोर बंजारा बोलीत, लेकीशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, की झालं आता तुझं, शिकलीस तू, चल घरी.

पाणी स्थिर होतं. मग पायऱ्यांवरून वर येताना त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांमधून घरापर्यंत तो सावकाश चालला, पावलं आखूड टाकत, सोबत लेकरू असलं की टाकतो तशी.