धोतऱ्याच्या पानावरचे ठिपके

साठच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात मी एम.एस्सी.चा प्रबंध करत होते. झाडांच्या विषाणूंवर औषधी पाल्याचा रस चालतो का, हा विषय. रीत साधी होती. रोगट तंबाखूचा रस धोतऱ्याच्या पानाला बोटाने चोळायचा, की चार दिवसांत ठिपके उठत. त्यात घेटुळीचा, म्हणजे पुनर्नव्याचा, किंवा अडुळशाचा रस मिसळला आणि ठिपके कमी आले, तर औषध लागू. शेजारच्या एका कुंडीला नुसतं पाणी चोळायचं. ती कोरी राहायलाच हवी.

माझी दर सोमवारची पाण्याची कुंडी कोरी राहीना. पाण्यालाच ठिपके उठायला लागल्यावर औषधाचं काय सांगणार? वर्ष वाया जायची वेळ आली.

तंबाखू खाणाऱ्यांच्या हातांवर हा विषाणू असतो, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आमचे शिपाईमामा माण तालुक्यातले, कमरेला कायम पान-तंबाखूची चंची. कुंड्या तेच भरत, घेटुळीही तेच माळावरून आणत. मी तोंडाची फटकळ. सरांसमोरच म्हणाले, "मामांच्या तंबाखूने माझं वाटोळं केलं." मामा कुंडीत माती भरत राहिले.

सर म्हणाले, "सोमवारी तिघांनीही आपापल्या बोटांनी एकेका कुंडीला पाणी चोळायचं."

शुक्रवारी पाहिलं. सरांची कुंडी कोरी, मामांचीही कोरी. माझ्या पानाला मात्र देवी आल्यासारखं झालेलं.

"मी कुठे तंबाखू खाते?" मी तावातावाने म्हणाले आणि तिथेच अडखळले. दर रविवारी मी तासगावजवळच्या आमच्या गावी जायची आणि आईच्या मशेरीसाठी कच्ची तंबाखू याच हातांनी चुरून भाजून द्यायची. मशेरीला आमच्या घरात तंबाखू कुणी म्हणतच नसे. शिकून काय उपयोग, असं वाटून मला रडू आलं.

मामांची कुंडी कोरी कशी, असं सरांनी विचारलं तेव्हा मामांनी चंची उघडून दाखवली. आत नुसती सुपारी. सरांनी बजावलं त्या दिवसापासून त्यांनी जन्माची तंबाखू सोडली होती आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. एवढा शिस्तीचा माणूस मी पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळांतही पाहिला नाही.

मशेरीचं काम बहिणीकडे दिलं, साबणाने हात खसाखसा धुऊन सगळं पहिल्यापासून केलं. घेटुळीने ठिपके खरंच कमी झाले. प्रबंध दिला त्या दिवशी मामांची माफी मागितली आणि विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मामा कुंडीतलं तण काढत होते. म्हणाले, "मी सांगितलं आस्तं तर तुमी मानलं आस्तं व्हय, बाई? पानाचं मानलंत."