पिवळ्या चौकड्यांचा खिसा

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात कधी माझं नाव येईल असं वाटलं नव्हतं. मी विमा कंपनीत दावे तपासणारा माणूस. ‘कारण’ हा रकाना रिकामा असेल तर फाइल परत पाठवायची, वीस वर्षं हेच केलंय. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बाई दिसते अशी हूल उठली, तेव्हा बघायला मीच वर गेलो होतो. कोणाची तरी मॅक्सी वाळत होती. पण ही एक फाइल मात्र इतकी वर्षं माझ्याकडेच पडून आहे...

गोष्ट दोन हजार पाच-सहाची. मीरा रोड, पूनम सागर, तिसरा मजला, वन बीएचके. घरात आई, मी आणि बायको मेधा.

धाकटा भाऊ नंदू मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. त्याने एक दिवस नोकरी सोडली, जुनी शिडाची बोट घेतली आणि बायको-पोरांसकट कॅरिबियन समुद्रात राहायला लागला. फिरायला नाही हं — राहायला. पोरांची शाळा बोटीवर, डाळभात बोटीवर. एखादं बेट आवडलं की नांगर टाकायचा, कंटाळा आला की उचलायचा.

दर पंधरवड्याला त्याचा मेल यायचा, फोटोंसकट. सायबर कॅफेत जाऊन मी रंगीत प्रिंट आणायचो आणि आई ते फ्रीजवर चिकटवायची. म्हणजे पाण्याची बाटली काढायला गेलो की समोर नंदू. दूध ठेवायला गेलो की नंदू. उघडाबंब, रापलेला, दात काढून हसणारा. आणि मी? गोराईच्या फेरीबोटीत, दहा मिनिटांच्या प्रवासात, समोरच्या बाईच्या पिशवीत ओकलेला माणूस. पोहता येत नाही, सुट्टी शिल्लक नाही. खोटं कशाला बोलू, जळायचो. एकदा तर फ्रीज पुसण्याच्या निमित्ताने दोन फोटो मी ओले करून खराब केले होते.

नारळी पौर्णिमेला आईने फर्मान काढलं. आपल्या घरचं माणूस पाण्यावर आहे, समुद्राला नारळ द्यायलाच हवा. भाईंदरची चौपाटी तिला लांब वाटली, म्हणून वरसाव्याची खाडी ठरली. पाणी काय, शेवटी सगळं एकच, असं तिचं म्हणणं.

मग तिने ट्रंकेतून नंदूचा लहानपणीचा शर्ट काढला. पिवळ्या चौकड्यांचा. माझ्या शर्टांची फरशी पुसायची फडकी कधीच झाली होती, हा मात्र डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. त्यात गंमत अशी, की तो शर्ट मुळात माझा. मला आखूड झाल्यावर नंदूकडे गेला. खिशाच्या कोपऱ्यात निळा डाग आहे तो माझ्या पेनाचा, त्याबद्दल धपाटे मी खाल्लेत. खिशाचं पांढरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलंय, तेही माझ्याच वेळचं. आईने तोच खिसा कापला, नारळाला लाल दोऱ्याने बांधला आणि कुंकू लावलं.

अर्धा दिवस रजा टाकून मी स्कूटरवर निघालो. वाटेत सायबर कॅफेत डोकावलो, ही चूक झाली. नंदूचा ताजा मेल होता. फोटोत तो दोन नारळाच्या झाडांना बांधलेल्या झोळीत आडवा, खाली एकच ओळ — ‘दादा, आजचं माझं ऑफिस.’

वरसाव्याला पुलाखाली गर्दी होती. कोळी मंडळी वाजतगाजत आली होती, बोटींना पताका लावल्या होत्या. मी नारळ हातात धरून काठावर उभा. डोक्यात ती झोळी. मनात आलं, सगळा समुद्र याचा, आईची ट्रंक याची, शर्ट माझा तोही याचा... आणि आता नारळही मीच टाकायचा?

शेजारची म्हातारी कोळीण बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “टाकायचा न्हाय तं आणला कशाला?”

मी स्कूटरकडे वळलो. आडोशाला जाऊन दोरा सोडला, कुंकू रुमालाने पुसलं, खिसा स्कूटरच्या कागदपत्रांच्या पाकिटात कोंबला. नारळ घरी नेऊन मेधाला म्हटलं, येताना वाण्याकडून घेतला. तिने त्याचा नारळीभात केला. आईने दोनदा वाढून घेतला, वर मला विचारलं, “टाकलास ना रे नीट?” मी तोंडात घास असल्यासारखी मान हलवली. घास होताच.

चौथ्या दिवशी टीव्हीवर कॅरिबियनमधलं वादळ दाखवायला लागले. काठावर आपटून फुटलेल्या बोटी, शिडाचे मोडके खांब. ‘कसे आहात?’ असा मेल टाकला, नंदूचं उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी सकाळी-संध्याकाळी कॅफेत जायचो, शेवटी तिथला मालक मला बघितल्याबरोबर नुसती मान हलवायला लागला. आई मात्र शांत. नारळ दिलाय, काही होणार नाही, असं शेजाऱ्यांनाही सांगत होती. ते ऐकून मला जेवण जाईना. फ्रीजवरच्या फोटोंतल्या नंदूच्या दोन पोरांकडे बघवेना.

वादळाच्या बातमीनंतर सहाव्या दिवशी मेल आला. सगळे सुखरूप. वादळ यायच्या आधी त्यांनी बोट तिवरांच्या खाडीत आत नेऊन, होते नव्हते ते सगळे दोर झाडांना बांधले होते. शेजारच्या चार बोटी गेल्या. पुढे लिहिलं होतं — ‘दादा, वारा पडल्यावर सकाळी बघतो तर नांगराच्या साखळीत एक नारळ अडकलेला. त्याला बांधलेलं बघ. आईने पाठवला का रे?’

फोटोत पिवळ्या चौकड्यांचा खिसा. कोपऱ्यात निळा डाग. पांढरं बटण, काळा दोरा.

मी प्रिंट घेतला आणि कॅफेबाहेर येऊन स्कूटरची डिकी उघडली. पाकिटात खिसा होता. कोरडा, मी कोंबला तसाच. भर दुपारी रस्त्यावर उभा राहून दोन्ही शेजारी धरले. डाग तोच, बटण तेच. शर्टाला खिसा एकच होता. घरी जाऊन शर्टही तपासला.

पुढच्या वर्षी नंदू सहकुटुंब आला तेव्हा त्याने तो खिसा आणला. मिठाने कडक झालेला. आईने देव्हाऱ्यात ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “तू टाकलास म्हणून पोचला बघ.”

मी “हं” म्हटलं. त्या एका “हं”ने आजवर पिच्छा सोडलेला नाही.

योगायोग म्हणावा तर डाग जुळतो. भास म्हणावा तर दोन्ही खिसे आजही घरात आहेत — एक देव्हाऱ्यात, दुसरा माझ्या कपाटात, विम्याच्या पॉलिसीखाली. आता दर नारळी पौर्णिमेला मी वरसाव्याला जातो आणि नारळ टाकतो, मागे न बघता. पण त्या वर्षी कोणी टाकला, हा रकाना अजून रिकामाच आहे.

नंदू, तू हे सदर वाचतोस असं ऐकतो. तर ऐक — तो नारळ आम्ही खाल्ला. भात चांगला झाला होता. आईला तूच सांग, माझी हिंमत नाही. आणि अजूनही जळतो का, विचारशील, तर हो. फक्त आता तुझ्यावर नाही. माझ्याच शर्टाचा खिसा कॅरिबियन बघून आला रे, आणि मी अजून गोराईच्या पुढे गेलेलो नाही.