काळजी नको, करून ठेवतो

भाऊंना 'नाही' हा शब्द येत नव्हता असं नाही. घरात ते तो सर्रास वापरत. मेहुण्याच्या सहलीला, गच्चीवरची टाकी धुवायला, पानात दुसऱ्यांदा पडणाऱ्या भाजीला. पण गिऱ्हाइकाचा फोन आला की तो शब्द घशातच विरघळून जाई आणि तोंडून "करतो की" बाहेर पडे. थोरली बहीण त्यांना लहानपणापासून होयबा म्हणायची. भाऊंचे केस पिकले तरी तिने ते नाव मागे घेतलं नाही, आणि भाऊंनीही तिला तसं काही कारण दिलं नाही.

एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं प्रोग्रामर म्हणून काढल्यावर भाऊंनी नोकरी सोडली आणि घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. खोली लहान. भिंतीला टेबल, टेबलावर दोन मॉनिटर आणि डोक्यावर कपडे वाळत घालायची दोरी. ती काढायला बायकोने साफ नकार दिला होता. व्हिडिओवर गिऱ्हाइकाशी बोलायचं तर भाऊंना खुर्ची अशी सरकवावी लागे की मागचे टॉवेल दिसू नयेत. कामं छोट्या धंद्यांची होती: चष्म्याचं दुकान, ड्रायव्हिंग स्कूल, रक्त तपासणारी लॅब. माणूस नोकरी सोडतो ते आपल्या मर्जीचा मालक व्हायला. भाऊंना पूर्वी एक साहेब होता. आता जितकी गिऱ्हाइकं तितके साहेब झाले, आणि त्यांतला एकही संध्याकाळी घरी जात नव्हता.

सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे मेट्रनबाई. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडे मदतनीस बायका पाठवायची संस्था काढली होती. कोणती बाई कोणाच्या घरी जाणार याची यादी भाऊंचा प्रोग्राम बनवी आणि ज्या त्या बाईच्या फोनवर पाठवी. यादी एकदा गेली की तिला कुलूप लागे. सुरुवातीला ऑफिसातल्या कोणीतरी गेलेल्या यादीत हात घालून गोंधळ केला होता, तेव्हा भाऊंनीच ते कुलूप घातलं आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "बदल असला की मला सांगत जा, मी करून देतो," असं ठरलं. मेट्रनबाई निरोप पाठवत. भाऊंचं उत्तर ठरलेलं असे: 'निरोप मिळाला. काळजी नको, करून ठेवतो.' आणि ते खरोखरच लगेच करून ठेवत, मग जेवणाचं ताट समोर असो की सासऱ्यांचं ऑपरेशन चालू असो. त्या उत्तरावर मेट्रनबाईंचा इतका भरवसा बसला की त्यानंतर काम झालं की नाही हे त्या बघतही नसत.

हे सगळं घरच्यांनी पुष्कळ दिवस चालवून घेतलं. कडेलोट झाला तो दातांच्या डॉक्टरांकडे. भाऊ खुर्चीत आडवे होते, अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस, आणि खिशातला फोन वाजला. भाऊंनी तो उचलला. पलीकडून ड्रायव्हिंग स्कूलवाला काहीतरी मागत होता आणि भाऊ इकडून "ह्हो, ह्हो" करत होते. डॉक्टरीणबाईंनी फोन काढून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकला आणि बाहेर बसलेल्या भाऊंच्या बायकोला हाक मारली. "दाताचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी हे उपटता येतंय का बघा."

परतताना बसमध्ये बायकोने विचारलं, "अहो, मघाशी हो कशाला म्हणालात तुम्ही?"

भाऊंना नीट ऐकूच आलं नव्हतं.

"म्हणजे कशाला हो म्हटलं तेही माहीत नाही? उद्या तो म्हणेल, भाऊंनी एक किडनी द्यायचं कबूल केलंय."

"एवधं काय थ्यात..." भाऊ बधिर तोंडाने म्हणाले.

"रविवारी काम बंद. फोनही बंद. सगळ्यांना तसं कळवून टाका. नाहीतर मी कळवते, आणि माझी भाषा तुम्हाला माहीत आहे."

बायको शाळेत शिकवत असे. तिची भाषा भाऊंना खरोखरच माहीत होती.

त्या संध्याकाळी ते कळवायला बसले. 'यापुढे रविवारी मी काम करणार नाही,' असं लिहिलं आणि वाचलं. फार उर्मट वाटलं. 'शक्यतो' घातलं. मग 'आपली गैरसोय होईल याची कल्पना आहे' घातलं. मेट्रनबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. भाऊंना कोणी विचारत नव्हतं तेव्हा पहिलं काम या बाईने दिलं होतं. आता तिला दार बंद म्हणून सांगायचं? सगळं खोडलं. शेवटी त्यांनी कोणालाच काही कळवलं नाही. फोनमध्ये एक सोय असते. रविवारी कोणाचाही पहिला निरोप आला की फोन आपोआप उत्तर धाडतो. ती सोय भाऊंनी चालू केली, आणि उत्तर म्हणून स्वतःचंच रोजचं वाक्य घातलं: 'निरोप मिळाला. काळजी नको, करून ठेवतो.' कोणाचं मन दुखायला नको. काम सोमवारी सकाळी उठल्या उठल्या करून टाकायचं. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?

"कळवलंत ना सगळ्यांना?" बायकोने विचारलं.

"कळवलं," भाऊ म्हणाले. बायकोशी खोटं बोलायला त्यांना फारसं जड गेलं नाही, याचं पुढे त्यांना फार लागून राहिलं.

पहिले काही रविवार बरे गेले. मग तो रविवार आला. फोन कपाटात स्वेटरांच्या घडीखाली होता. नवराबायको सकाळी तळ्याला चक्कर मारून आले, भाऊंनी जुन्या सायकलचे ब्रेक दुरुस्त केले, आणि जेवून जे झोपले ते दिवेलागणीपर्यंत. इतकी गाढ झोप त्यांना कैक वर्षांत लागली नव्हती. उठल्यावर त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

सोमवारी सकाळी फोन उघडला. मेट्रनबाईंचा आदल्या सकाळचा निरोप होता: 'ड्रायव्हरकाकांकडे जाणारी बाई तापाने पडली आहे. दुसरी लावा.' खाली फोनने दिलेलं उत्तर. त्याखाली मेट्रनबाईंचं 'बरं.' आणि त्यानंतर, संध्याकाळचा एक निरोप: 'भाऊ, कोणीच गेलं नाही. काका जमिनीवर पडलेले सापडले.'

भाऊ दात न घासता निघाले.

मेट्रनबाईंचं ऑफिस एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. भिंतीला निळे एप्रन टांगलेले, कोपऱ्यात चहाची किटली, दोन बायका कामावर निघालेल्या. मेट्रनबाई टेबलामागे उभ्या होत्या. इस्पितळातली सवय, राग आला की त्या बसत नसत.

"हाड मोडलेलं नाही," त्या आधी म्हणाल्या. "मनगट सुजलंय. खुर्चीतून उठायला गेले आणि घसरले. एक बाजू लुळी, उठणार कसे? दुपार कलली तेव्हा शेजारणीला कप आपटल्याचा आवाज आला. कपडे ओले, तसेच पडून होते बिचारे. मी बहिणीकडे गेले होते. तुम्ही करतो म्हणालात, म्हणून निर्धास्त गेले. काय झालं, भाऊ?"

भाऊंच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं तयार होती. सर्व्हर बंद पडला होता. यादी गेली पण फोनवर पोचली नाही. मेट्रनबाईंना त्यातलं काही कळलं नसतं, आणि उलट त्यांनीच 'असू दे हो' म्हटलं असतं. ते 'असू दे हो' भाऊंना ऐकू यायला लागलं, आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली.

"ते उत्तर मी दिलं नव्हतं," ते म्हणाले. "फोनने दिलं. रविवारी मी काम बंद ठेवतो. फोन आपोआप तसं लिहितो. मी झोपलो होतो, बाई."

एप्रन घालणाऱ्या बायका थबकल्या. मेट्रनबाईंनी त्यांना डोळ्यांनीच बाहेर काढलं.

"कधीपासून?"

"झाले काही आठवडे."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला काय वाटेल म्हणून..."

"मला काय वाटेल!" मेट्रनबाईंचा आवाज चढला. "अहो, या माझ्या बायका आहेत ना, एकदा ड्यूटी संपली की त्यांना फोन करायचा नाही, हा इथला नियम आहे. पहिल्या वर्षी लोकांनी मला शिव्या घातल्या. खाल्ल्या. तुम्ही सुट्टी म्हणाला असता तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं? नुसता फोन लावला असता दुसऱ्या बाईला. पाच बायका राखीव ड्यूटीवर घरी बसलेल्या होत्या काल. पण तुम्ही करतो म्हणालात!"

"चुकलं माझं. यापुढे नाही होणार. रविवार नाही, रात्र नाही, केव्हाही सांगा, मी..."

"परत तेच!" मेट्रनबाईंनी टेबलावर हात आपटला. "आत्ता मला खूश करायला म्हणताय हे. चला, काकांकडे चला. त्यांना सांगा."

ड्रायव्हरकाका एकटे राहत. मुलगा दुसऱ्या गावी असे. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाची खोली जशी असावी तशी होती. सगळं हाताच्या अंतरावर आणि पुढच्या खिडकीला पडदा नाही. नवी मदतनीस त्यांना भरवत होती. काकांच्या मनगटाला पट्टी होती. भाऊंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झोपल्याचंही सांगितलं. सांगताना त्यांची नजर सारखी जमिनीवरच्या एका ओलसर डागाकडे जात होती. तो डाग कालचा होता की आत्ता फरशी पुसल्याचा, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

"तुम्हीच ते कॉम्प्युटरवाले होय?" काका म्हणाले. शब्द एका बाजूने येत, पण स्पष्ट. "बाईंचा फोन आला सकाळी. म्हणाल्या, दुसरी बाई येतेय, जरा उशीर होईल. मी बसलो. बाथरूमला जायचं होतं. शेजारणीला हाक मारायची होती, तर म्हटलं कशाला, येतेच आहे आता. मग परत वाटलं हाक मारावी, परत वाटलं येईलच. असं करत करत..." त्यांनी चमच्याला मान वळवून नकार दिला. "थांब गं. हे बघा साहेब, गाडी रद्द म्हणून सांगितलं ना, तर पॅसेंजर शिव्या देतो आणि दुसरी पकडतो. येतेय येतेय म्हणून थांब्यावर बसवून ठेवू नये हो माणसाला."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाऊंनी कपाळाला हात लावला, काहीतरी बोलायचं म्हणून "औषधाचा खर्च..." म्हणायला गेले आणि मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी खिशाकडे नेलेला हात मागे घेतला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. काकांचं आधी आणि मग स्वतःच्या खोट्याचं. ती कणीक मळत होती.

"मी तुमचा रविवार मागितला होता," ती म्हणाली. "कोणाला तरी फसवून आणा असं नव्हतं म्हटलं."

त्या दुपारी भाऊंनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. लिहून नव्हे, बोलून. लॅबवाल्याने "हरकत नाही" म्हटलं. चष्मेवाल्याने तर विचारलं, "का, आधी करत होतात का रविवारी?" ड्रायव्हिंग स्कूलवाला मात्र चिडला आणि म्हणाला की त्याचं रविवारीच सगळं असतं, तो दुसरा माणूस बघेल. त्याने खरंच दुसरा बघितला. भाऊंना त्या रात्री वाईट वाटलं, आणि एक गिऱ्हाईक गेल्याचं इतकं वाईट वाटतंय याचंही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते मेट्रनबाईंकडे गेले. प्रोग्राममध्ये बदल करून आणला होता. यादीचं कुलूप उघडायचा पासवर्ड आता मेट्रनबाईंकडे राहणार होता.

"मला नाही जमायचं ते," मेट्रनबाई चष्मा लावत म्हणाल्या. "मी सुया टोचणारी बाई."

"जमेल. बसा."

मेट्रनबाई बसल्या. माउस त्यांनी चिमटीत थर्मामीटर धरावा तसा धरला. बाण पडद्याच्या एका कडेला गेला, दिसेनासा झाला, परत आला. त्यांनी चुकीच्या ठिकाणी दाबलं आणि तिसरीच खिडकी उघडली. भाऊंचा हात पुढे झाला. त्या खिडकीवर एक बोट, की झालं. आजवर ते हेच करत आले होते. त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसले, मास्तरांनी शिक्षा दिल्यासारखे.

"बंद करा ती," ते म्हणाले. "कोपऱ्यातलं फुलीचं बटण. हां. आता काकांच्या नावावर."

"इथे?"

"तिथेच. आता बाईचं नाव बदला. खाली यादी येईल त्यातून निवडा."

मेट्रनबाईंनी निवडलं. दाबलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका मदतनीस बाईचा फोन वाजला, आणि ती दारातून डोकावून म्हणाली, "बाई, मला काकांकडे लावलंय का?"

मेट्रनबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि भाऊंकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी मान डोलावली. इतकी वर्षं एवढंच होतं. कोणीतरी रोज विचारावं, आपण करून द्यावं, हे त्यांना आवडत होतं. आणि तेवढ्यासाठी त्यांनी ते कोणाला शिकवलं नव्हतं. हे त्यांनी मेट्रनबाईंना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं त्यांना अजून वाटतं.