यशोदाची खरी वाक्यं

आचऱ्याच्या यशोदाने दहावी दिली ती नातवंडं खेळवायच्या वयात, सतरा नंबरचा फॉर्म भरून. गणितात पास, इंग्रजीतसुद्धा देवाच्या कृपेने पास. आणि जिच्या जोरावर जन्मभर अख्ख्या वाडीशी भांडली, त्या मराठीत नापास! का, तर वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करायचा प्रश्न तिने कोराच ठेवला होता.

"कोरो कित्याक?" नवऱ्याने, गणपतने विचारलं.

"ओळखीचो माणूस सापडलो नाय."

वाक्य खरंच असलं पाहिजे, अशी तिची पक्की समजूत. न घडलेलं लिहायचं म्हणजे सरकारला फसवणं!

इकडे गावच्या वाचनालयात माणूस हवा होता, दहावी पास. त्या जागेवर यशोदाचा भारी जीव. म्हणून फेरपरीक्षेसाठी ग्लेनिशा टीचरने शाळेच्या पडवीत तिची शिकवणी सुरू केली.

"यशोदाताई, 'ताव मारणे'."

"सत्यवानान सासऱ्याच्या बाराव्याक वड्यांवर ताव मारल्यान."

"प्रमाण भाषेत!"

"सत्यवानाने सासऱ्याच्या बाराव्याला वड्यांवर ताव मारला. डबासुद्धा भरून नेला."

पडवी रस्त्याला लागून, आणि यशोदाचा आवाज जायचा थेट मासळीबाजारापर्यंत. सत्यवान म्हणजे तिचा शेजारीच. तो तावातावाने भांडायला आला आणि दुसऱ्या दिवसापासून ऐकायलाच बसू लागला. हळूहळू वाडी जमली.

"वयनी, माका 'जिवाचे रान करणे'त घाल गो," कुणीतरी म्हणे.

"तू काय केलंस रे?"

"करतंय मगे कायतरी!"

टीचरने डोक्याला हात लावला. "ताई, नुसतं 'रामने' लिहा. कुठलाही राम."

"कोणाचो राम?"

"कोणाचाच नाही."

"मगे त्या बापड्यार आळ कित्याक घेवचो?"

परीक्षेत आलं 'डल्ला मारणे'. माणूस झटकन आठवला, पण नेमका घरचाच निघाला! गेल्या शिमग्यात सत्यवानाचा कोंबडा गणपतनेच मटकावला होता. लिहावं तर नवऱ्याची अब्रू जाते, सोडावं तर वाचनालय. घाम पुसत तिने आयुष्यातलं पहिलं खोटं वाक्य लिहिलं: 'रामने शेजाऱ्याच्या कोंबड्यावर डल्ला मारला.' मनाला लागलं, तेव्हा खाली कंसात आणखी एक ओळ घातली: 'हा राम आमच्या गावचा नाही. असल्यास माफी असावी.'

मराठीत छत्तीस. पास! अख्खी वाडी तिच्या घरापुढच्या खळ्यात लोटली.

"माझां वाक्य इलां काय गो?"

"कोणाचांच नाय. सगळां खोटां लिवलंय, म्हणान पास झालंय. रामान शेजाऱ्याचो कोंबो खाल्ल्यान, असलां."

सगळ्यांची तोंडं उतरली. एकटा सत्यवान पुढे सरकला.

"कोंबो? तांबडो काय गो?"

तेवढ्यात गणपत उठला आणि जन्मात पहिल्यांदा, कोणी न सांगता, सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेला.