पुट म्हणजे परत ठेव

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या अंबडला, कंपनीत, टेस्टिंगच्या टेबलाशी बसले होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. त्याने दोन वाक्यांत सांगितलं, मी "निघते" म्हणाले आणि तरी हातातली चाचणी संपवून, तिची नोंद करूनच उठले. पाऊण तास लागला. कुणाला हे विचित्र वाटेल. पण चाचणी अर्धवट टाकून मी पंचवटीत तिच्या घरी पोचले असते, तर शैला तशीच उठून बसली असती आणि म्हणाली असती, "आता परत पहिल्यापासून लावावी लागणार ना ती?" वर्षभर आजारी होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. नव्हती म्हणायचं, एवढंच...

दहाव्या दिवशी मॅनेजर पगार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. (पगार हे आडनाव आहे. कळवणकडे घरोघरी सापडतं.) "वंदनाताई, शैलाताईंच्या ड्रायव्हरचं काय करायचं? तुम्ही सांभाळता का? नाहीतर बाहेरचा तयार घेऊ आणि हा बंद करू." तिचं नऊ वर्षांचं काम ते एका वाक्यात बंद करायला निघाले होते, पण त्यांचंही चूक नव्हतं. ज्याच्यात बिघाड झाला तर दुरुस्त करायला माणूस नाही, असा माल कोण विकणार? मी म्हणाले, सोमवारी सांगते.

ड्रायव्हर म्हटलं की लोकांना टेम्पो आठवतो. शैलाच्या आईचंही तसंच. सटाण्याच्या नातेवाइकांना त्या खुशाल अहिराणीत सांगायच्या, "मनी पोर कंपनीमा ड्रायव्हर शे." खरं प्रकरण असं. आमची कंपनी कारखान्यातल्या यंत्रांवर बसवायच्या स्क्रीन बनवते. स्क्रीनवर दिसणारं चित्र आधी मेमरीच्या एका तुकड्यात तयार होतं, त्या तुकड्याला बफर म्हणतात. एक प्रोग्रॅम त्यात चित्र काढतो, दुसरा त्यावर आकडे लिहितो, आणि मग स्क्रीन ते वाचून दाखवते. असे तुकडे मोजकेच असतात. कोणता तुकडा कुणाला द्यायचा, तो सध्या किती जणांच्या हातात आहे आणि सगळ्यांनी सोडल्यावर तो परत कधी घ्यायचा, हे बघणारा भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतो. त्या भागाला ड्रायव्हर म्हणतात, आणि आमचा ड्रायव्हर शैलाने लिहिला होता. मला तिने तो माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात डबा खाताना समजावला.

"भंडाऱ्याचं पातेलं समज. आमटीच्या एका पातेल्यातून तिघं वाढून घेतायत. तिघांचं झालं की पातेलं घासायला जाणार. एकाचं वाढून व्हायचंय आणि कुणी ते उचलून नेलं, तर?"

"बोंब होईल."

"आणि सगळ्यांचं होऊनही कुणी नेलंच नाही, तर?"

"पुढच्या पंगतीला पातेलं नाही."

"झालं. एवढंच माझं काम आहे," ती म्हणाली. ते एवढंच नव्हतं हे मला पुढे कळलं, पण तोवर मी कामाला लागले होते. तिला तेच हवं असणार.

ती बागलाणातल्या एका खेड्यातली. वडिलांची डाळिंबाची बाग, शाळा मराठी, पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात बरीच वर्षं नोकरी, आणि वडील गेल्यावर आईला घेऊन नाशिकला पंचवटीत घर. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला ती त्याच्या लग्नाची खुशाली विचारायची. आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलायची, कॉम्प्युटरशी मात्र अहिराणीत. माझी कथा साधी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, काही वर्षं नोकरी, लग्न, मुलं, सासऱ्यांचं आजारपण, आणि अकरा वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सहा महिन्यांच्या बोलीवर ही नोकरी. माझीही शाळा मराठीच. हे महत्त्वाचं आहे, कारण चूक तिथूनच झाली.

कर्नलमध्ये तुकडा हातात घ्यायच्या सूचनेला 'गेट' म्हणतात आणि दुसऱ्या सूचनेला 'पुट'. पाचव्या महिन्यात मी ड्रायव्हरमध्ये एक छोटा बदल केला. चित्र स्क्रीनवर राहायला हवं होतं, म्हणून त्या ठिकाणी मी पुट लिहिलं. टेबलावर सगळं व्यवस्थित चाललं. आठवड्याने दिंडोरीकडच्या एका ज्यूसच्या कारखान्यातून फोटो आला. स्क्रीनवर तापमानाच्या आकड्यांमधून दुसऱ्याच चित्राचे तुकडे डोकावत होते, आणि तिथल्या ऑपरेटरने शहाणपणाने यंत्र बंद करून ठेवलं होतं. शैलाने माझी खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढली.

"हे काय लिहिलंस?"

"पुट. म्हणजे ठेव."

"कुठे ठेव?"

"तिथंच. स्क्रीनवर. ठेव, म्हणजे राहू दे, काढू नकोस."

ती इतकी हसली, की पलीकडच्या खोलीतून लोक उठून आले. "अगं बाई, पुट म्हणजे परत ठेव! जिथून घेतलं तिथं!"

"मग त्यातलं 'परत' कुठंय?"

"ते इंग्रजांनी खाल्लं."

थोडक्यात, स्क्रीन आमटी वाढत असताना मी पातेलं घासायला पाठवत होते. मला हसू येत नव्हतं. बोलीचा एक महिना उरला होता आणि ही नोकरी गेली तर दुसरी कुणी देणार नव्हतं. पगार साहेब विचारायला आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत शैला म्हणाली, "चूक हिने केली आणि तपासून पास मी केली. काढायचं तर दोघींना काढा."

"तुम्हाला काढून मी काय करू, शैलाताई?"

"तेच म्हणते मी."

नोकरी राहिली. त्यानंतरची आठ वर्षं मात्र तिने मला सुखाने जेवू दिलं नाही. मी डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं की, "हे मराठी ठेवणं की इंग्रजी?" मी रजेवर निघाले की, "किल्ली पुट करून जा, आणि यातलं 'परत' विसरू नकोस." एकदा तर माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या देखत, चहाचा कप माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "पुट." मी इतकी हसले की चहा नव्या पैठणीवर सांडला. तो डाग अजून आहे. व्याह्यांना काय वाटलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आमची शेवटची भेट ती जायच्या तीन आठवडे आधी तिच्या घरी झाली. खूप बारीक झाली होती, पण लॅपटॉप मांडीवर होताच. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "ड्रायव्हर तू घे." मी म्हणाले, मला जमणार नाही. टेस्टिंग जमतं, बारीकसारीक बदल जमतात, पण एवढं सगळं एकटीने नाही. "ज्या बाईला ठेव म्हणजे काय ते कळलं नाही..." हे मी चेष्टेने म्हणाले आणि पूर्ण चेष्टेने नाही.

तिने लॅपटॉप मिटला. "पुण्यात पहिल्या नोकरीत मीही तेच केलं होतं. हेच. पुट म्हणजे ठेव. म्हणून तर तुझं तपासताना मला दिसलं नाही. डोळे अजून मराठीच वाचतात मेले."

"आणि आठ वर्षं मला छळलंस?"

"मग? मला छळायला तिथं कुणीच नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन एकटीच रडले होते आणि दोन महिने कुणाशी बोलले नव्हते. तुला रडायला वेळच दिला नाही मी."

मी तिला एक अस्सल शिवी दिली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला खोकल्याची उबळ आली. आतून तिच्या आई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि रागावून म्हणाल्या, "काय हासी राहिन्यात वं?" आम्हाला सांगता येईना. मी "हो" न म्हणताच निघाले, आणि तिनेही विचारलं नाही.

सोमवारी पगार साहेबांना सांगितलं की बाहेरचा घेऊ नका, ड्रायव्हर मी सांभाळते, पण पहिला महिना कुणी घाई करायची नाही. ते म्हणाले, महिना कसला, ज्यूसवाल्यांना पंधरा दिवसांत यंत्रावरच्या कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर हवंय. केलं. रोज सकाळी तिचा कोड वाचायचा, दुपारी माझा लिहायचा. तेरा दिवस लागले. मग प्रश्न आला शेवटच्या चाचणीचा. ती शैला नेहमी स्वतःच्या मशीनवर स्वतः चालवायची आणि आम्हाला फक्त "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच कळवायची. चाचणी काय करते ते तिने लिहून ठेवलं होतं. हजारो चित्रं उघडते, बंद करते, आणि एखादा तुकडा कुणाच्या हातात अडकून राहिला आहे का ते शेवटी बघते. मी तिच्या खुर्चीवर बसून ती पहिल्यांदाच लावली. वीस मिनिटांनी काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. इंग्रजी अक्षरांत अहिराणी होती, म्हणून वाचायला क्षणभर लागलं. कोन बठेल शे?

कोण बसलंय. म्हणजे कुणीतरी तुकडा धरून बसलं होतं आणि ते मला शोधायचं होतं. दीड दिवस गेला. कॅमेरा बंद होताना एका ठिकाणी मी घेतलं होतं आणि सोडलं नव्हतं. तिथे एक पुट लिहिलं, या खेपेला अर्थ ठाऊक असताना, आणि चाचणी पुन्हा लावली. मधल्या वेळात चहा घेतला, टेबल पुसलं, दोन फोन केले. साडेपाचला दुसरी ओळ आली.

कोनी नही शे. आते घर जाय.

मी मशीन बंद केलं, पर्स उचलली आणि घरी गेले.