माझी आत्या अल्पशा आजाराने गेली नाही

बाबांचा फोन आला तेव्हा मी मुंबईत, कॉलेजच्या ओपीडीत, एका आजीबाईंच्या कवळीचं माप घेत होते. तोंडात ट्रे धरलेला, आतला मसाला घट्ट होईपर्यंत हात हलवायचा नसतो, आणि एप्रनच्या खिशात फोन थरथरतोय... थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी मला कळून चुकलं. तरी मी तशीच उभी राहिले. ट्रे काढला, हात धुतले आणि मग बाबांना फोन लावला. "सुनंदा गेली वं बाई," एवढंच म्हणाले ते. सुनंदा म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. वणीतल्या तिच्या दोन खोल्यांत, सकाळी, बाबा चहा गाळत असताना ती गेली. मी स्टेशनवर पोचेपर्यंत तिच्या शाळेच्या ग्रुपवरून फिरत फिरत तिचा फोटो माझ्याच फोनवर येऊन धडकला. भोवती गुलाबी फुलांची चौकट, खाली दोन मेणबत्त्या, आणि मजकूर: 'आदरणीय सुनंदा मॅडम यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.'

अल्पशा! अर्धा जबडा काढला होता तिचा. छातीचं मांस कापून गालाला लावलं होतं. नाकातल्या नळीतून पातळ वरण जात होतं तिच्या पोटात, आणि ते भरवणाऱ्या बाबांनी त्या काळात स्वतः जेवणात तिखट घालणं सोडलं होतं. हे सगळं त्या ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कॅन्सर हा शब्द लिहायला लाज वाटली, आणि तो कशामुळे झाला हे लिहायला तर कुणाचीच बोटं धजावली नाहीत. सहा आठवडे झाले, तो 'अल्पशा' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आता मी लिहिते.

आम्ही मूळचे फुलसावंगीचे. बाबा तिथं शिवणकाम करतात. आत्या आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत शिक्षिका झाली आणि वणीजवळच्या एका गावात शाळा मिळाली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "चाळीस लेकरं हायेत मले, आनखी कायले पाह्यजे?" मी आठवीत असताना तिनं मला फुलसावंगीहून उचलून वणीला नेलं, चांगल्या शाळेत घातलं. वणीत कोळशाची धूळ. वाळत घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी करडी व्हायची आणि आत्या ती झटकत फळ्यावर समजावल्यासारखं मला भूगोल समजावायची. बारावीपर्यंत मी तिच्या शेजारी झोपले. तिची कूस, तिचं पांघरूण, तिचा राग, सगळं मला पाठ होतं.

आणि तिचा खर्राही. खर्रा म्हणजे काय ते विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, घालून घोटतात आणि दिवसभर गालात धरतात. आमच्याकडे पानठेल्यावर चहाआधी खर्रा मिळतो. आत्याची सुरुवात वेगळी होती. नववीत असताना तिची दाढ दुखायला लागली. गावात दातांचा डॉक्टर नव्हता, तेव्हा तर नव्हताच. तिच्या आईनं, माझ्या आजीनं, दाढेत तंबाखूची चिमूट दाबली. दाढ बधिर झाली, पोरीनं पेपर दिला. पुढं दाढ किडून पडली, चिमूट राहिली. नोकरी लागल्यावर चिमटीचा खर्रा झाला. शाळेत ती कधी खात नसे. शाळेच्या भिंतीवरचं 'तंबाखूमुक्त शाळा' हे तिनंच सुवाच्य अक्षरात रंगवलं होतं, परिपाठानंतर मुलांना शपथही तीच द्यायची. घरी आली की पाय धुवायची, आणि मग ओसरीकडे पाठ करून पन्नी उघडायची. मला कधी आणायला पाठवलं नाही. माझ्यासमोर कधी नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. त्या घरात आम्ही दोघी मिळून ते पाळत होतो.

मला डॉक्टर करायचं तिच्या मनात होतं. मार्क एमबीबीएसला थोडे कमी पडले आणि दंतवैद्यकाला लागले. नातेवाइकांची तोंडं अशी झाली जणू मी नापास झाले. "दातायची डॉक्टर? म्हंजे पूर्ण डॉक्टर नाई ना?" असं एका काकांनी विचारलं तेव्हा आत्यानं त्यांना विचारलं होतं, "तुमचे किती दात राह्यले, भाऊजी?" मग एकाच आठवड्यात दोन याद्या लागल्या. राज्याच्या यादीत मला नागपूरचं सरकारी कॉलेज मिळालं आणि देशाच्या यादीत मुंबईचं. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी हजर व्हायचं होतं, मूळ कागदपत्रं घेऊन, आणि हातात दोन दिवस होते.

माझं ठरलेलं होतं. नागपूर. वणीहून सकाळची बस धरली की दुपारच्या आत पोचता येतं, दर शनिवारी घरी येता येतं. बाबाही त्यासाठी फुलसावंगीहून आले होते, तेही नागपूरच म्हणत होते. दोन्ही पत्रांच्या छापील प्रती आत्यानं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, मुलांचे पेपर तपासावे तशा वाचल्या आणि मुंबईच्या पत्रावर बोट ठेवलं.

"हे."

"काहून?" बाबा म्हणाले. "नागपूर जवळ हाय. पोरगी नजरेसमोर राहीन."

"नजरेसमोरच नाई पाह्यजे. दर शनिवारी इथं येऊन बसशीन तू, अन् शिकशीन कवा? मोठ्या शहरात जा. मोठे पेशंट पाह्य."

मी रडले. भांडले. म्हटलं, तुला मी नको झाले का? ती उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री जेवताना तिनं पोळी वरणात बुडवून मऊ केली आणि लहान लहान तुकडे करून खाल्ले. ठेचा तिनं आता ताटात घेणंच बंद केलं होतं. हसताना तोंडावर पदर यायचा. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि मला काही कळलं नाही, कारण मी अजून कॉलेजात गेलेच नव्हते... दुसऱ्या दिवशी मी मुंबईचं तिकीट काढलं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला तोंडाचे आजार शिकवायला लागले. एका सकाळी सरांनी पडद्यावर फोटो टाकला. गालाची आतली बाजू पांढरट, ताठर, चामड्यासारखी. सुपारी-तंबाखूनं असं होतं, म्हणाले. तिखट झोंबतं, तोंड हळूहळू उघडेनासं होतं, आणि यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होतो. मग प्रत्येकानं आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहायची होती. निरोगी माणसाची सहज जातात. वर्गात सगळे हसत बोटं घालत होते. माझी तीन बोटं तोंडात होती आणि मला वरणात बुडवलेली पोळी दिसत होती.

दिवाळीला घरी गेले. पिशवी ठेवली आणि म्हटलं, "आत्या, आ कर."

"चहा तं घे आधी."

"आ कर."

"मॅडमले सांगून राह्यली तू?"

मी तिचा हात धरला. तिनं झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडले, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. आणि तीही ओरडली, पण तिचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, त्यामुळे शब्द दातांमागून यायचे. तेव्हा ते बाहेर आलं. मी बारावीत असतानाच तिच्या शाळेत दातांचं शिबिर झालं होतं. मुलं संपल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, मॅडम, तुम्हीही बसा. त्यांनी बोटं लावून पाहिली, दोनच गेली. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, खर्रा आजच्या आज सोडा आणि नागपूरला दाखवा.

"म्हंजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"म्हणून मला मुंबईला पाठवलंस?"

तिनं माझी पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "तू नागपूरले असती तं तूच मले ओढून नेलं असतं. तुह्या सरायसमोर, तुह्या वर्गातल्या पोरायसमोर तोंड वासून बसू काय मी? लेकराले रोज शपथ देते मी..." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पन मुंबई चांगलीच होती. ते बी खरं हाय. दोन्ही खरं हाय."

मला तिचा हा प्रामाणिकपणाही सहन झाला नाही. माझं कॉलेज, माझी पाच वर्षं, माझं घरापासूनचं तुटणं, हे सगळं एका पन्नीच्या आडोशासाठी? त्या दिवाळीत मी तिच्याशी नीट बोलले नाही. मी परत गेले. ती दाखवायला जाईन म्हणाली आणि गेली नाही. पुढं गालात फोड आला तेव्हा वणीतल्याच एका डॉक्टरनं 'उष्णता वाढली' म्हणून मलम दिलं, मग दुसरं मलम, मग गोळ्या. असे पाच महिने. त्या डॉक्टरनं एकदा बॅटरी लावून तिच्या गालात पाहिलं असतं तर! फोनवर ती मला सांगायची, "बरं वाटून राह्यलं." मी विश्वास ठेवला. मी, दातांची जवळजवळ डॉक्टर झालेली मुलगी.

शेवटी ऑपरेशन झालं ते नागपूरलाच. मुंबईहून येऊन मी त्याच शहरातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले, जिथं मी पाच वर्षं राहू शकले असते. ऑपरेशननंतर तिला बोलता येत नव्हतं. मी विचारलं, नको तेव्हा विचारलं, पण राहवलं नाही: "मी नागपूरला असते तर वेळेवर दाखवलं असतंस?" तिनं वही मागितली आणि त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही. तरीही नसतं दाखवलं.' हे खरं होतं, की मी आयुष्यभर जळत बसू नये म्हणून मॅडमनी मला दिलेला तयार उत्तराचा कागद होता? मला माहीत नाही. यापुढं कधीच कळणार नाही, आणि याचाही मला राग आहे.

दीड वर्ष ती जगली, बाबा वणीला येऊन तिच्याजवळ राहिले. मग गाठ मानेत आली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वणीत तिच्या दारासमोर मांडव टाकला होता. बुद्धवंदना झाली, आणि माणसं एकेक उठून मॅडमच्या शिस्तीबद्दल बोलू लागली. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गाल फुगलेले होते. एकजण तर बोलण्याआधी मांडवाच्या कडेला जाऊन थुंकून आला आणि मग 'अल्पशा आजाराने' म्हणाला. तिथं माझा तोल गेला. मी उठले, माईक घेतला आणि म्हटलं, "माझी आत्या खर्ऱ्यानं मेली. तोंडाच्या कॅन्सरनं मेली. तिनं लपवलं, आम्ही लपवलं, तुम्ही अजून लपवून राहिले. ज्याच्या तोंडात आत्ता आहे त्यानं एक तर थुंकून यावं, नाहीतर तिच्याबद्दल बोलू नये." 'पूर्ण डॉक्टर नाई ना' म्हणणारे ते काका उठून निघून गेले. कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या पोरींना जागेचं भान राहत नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते, पण त्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला नाही.

सगळे गेल्यावर मी आत भांडी आवरत होते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लताबाई दारात आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, माहं तोंड पाह्यता काय?"

"मी मॅडम नाही."

"पाह्यता काय?"

मी त्यांना खिडकीजवळ उजेडात बसवलं. बाबांनी फोनची बॅटरी धरली. मी साबणानं हात धुतले, घरात हातमोजे नव्हते म्हणून त्यांच्याच बोटांनी मोजायला सांगितलं. दोन गेली, तिसरं पेरापर्यंत अडकलं. गालाची आतली बाजू पांढरी पडायला लागली होती, पण जखम नव्हती, गाठ नव्हती. मी त्यांना शिबिरातल्या डॉक्टरांसारखं सांगून मोकळी झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी स्वतः त्यांना नागपूरला घेऊन गेले. येताना त्या रस्ताभर रडत होत्या आणि मला शिव्याही देत होत्या, कारण खर्रा सोडून त्यांना एक अख्खा दिवस झाला होता. त्या आठवड्यात आणखी तीन बायका त्याच खिडकीत येऊन बसल्या. चौथी दारापर्यंत आली आणि परत फिरली. ती कोण, ते मला माहीत आहे. मी पुन्हा जाणार आहे तिच्याकडे.

खोल्या महिनाअखेर सोडायच्या होत्या. बाबांनी आणि मी सामान बांधलं. तांदळाच्या डब्यामागं मला एक खर्ऱ्याची पन्नी सापडली, न उघडलेली. अजून ओलसर होती, म्हणजे शेवटच्या दिवसांतली. तिला चावायला जबडा नव्हता, धरायला गाल नव्हता. कुणी आणून दिली, कशासाठी मागितली, नुसती हुंगायला की काय... मी ती बाबांना दाखवली नाही. घंटागाडी आली तेव्हा बाहेर जाऊन स्वतः टाकली आणि हात दोनदा धुतले.

मग तिची उशी पोत्यात भरायला उचलली. अभ्र्याला तोच वास होता. चुना, सुपारी, आणि त्याखाली तिच्या केसांचं खोबरेल. आठवीपासून बारावीपर्यंत मी याच वासाशेजारी झोपले होते. त्यातून खर्रा वेगळा काढून फक्त आत्या ठेवता आली असती तर मी ते केलं असतं. अभ्रा मी मुंबईला घेऊन आले. परवा रूममेट धुवायचे कपडे गोळा करत होती, तिनं तोही उचलला. मी तिच्या हातातून तो जवळजवळ हिसकावून घेतला.