सव्वीस ग्रॅम

सरांनी माझ्या प्रयोगवहीतलं पान टरकन फाडलं आणि वर्गासमोर धरलं.

"पाहा. सरकारनं फी माफ केली. अक्कल कुठून देणार?"

सगळे हसले. तालुक्याच्या त्या कॉलेजात, विज्ञानाच्या वर्गात, रिठदच्या बौद्धवाड्यातली मी एकटी. बाहत्तरचा दुष्काळ सरला होता. माझा बाप अजून रस्त्यावर गिट्टी फोडत होता.

वर्षभर मी प्रयोगशाळेत भांडी धुतली, आकडे लिहिले. तापमापी धरायचा माझा जोडीदार, आमच्याच गावच्या पाटलाचा मुलगा. त्या दिवशी तो आला नाही. म्हणून पहिल्यांदा सगळं मी केलं.

शंभर ग्रॅम हायपो. तापवला की हा क्षार स्वतःतल्याच पाण्यात विरघळतो. ते द्रावण तांब्याच्या उष्मामापीत ओतलं. माठाच्या पाण्यात ठेवून, न हलवता, अठ्ठावीस अंशांपर्यंत निवू दिलं. मग हायपोचाच एक बारीक खडा टाकला. पांढऱ्या सुया सरसर पसरल्या. पारा चढला, अठ्ठेचाळीसवर थांबला. डोळ्यांना वाटतं, सगळंच गोठलं. तसं नसतं. गोठणारा भाग उष्णता सोडतो. ती मोजायची, त्यावरून त्याचं वजन काढायचं. माझं सव्वीस ग्रॅम आलं. पुन्हा वितळवून केलं. सव्वीसच.

बाकी सगळ्यांचं चाळीस. जुन्या वहीतून उतरवलेलं, सुरुवातीच्या सतरा अंशांसकट. भर उन्हाळ्यात सतरा अंश.

मी म्हणाले, "सर, हे चाळीस थंडीतलं हाय. आज द्रावण अठ्ठावीसवर होतं. पारा कमी चढला, म्हून कमी गोठलं."

"मले शिकवून राह्यली तू? चाळीस लिही, माफी माग, सही घे. नाही तं परीक्षेले बसू देत नाही."

कोऱ्या पानावर सगळं गणित पुन्हा मांडलं. खाली लिहिलं, सव्वीस. वही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बाहेर व्हायला सांगितलं. मी बाहेर झाले.

सही मिळाली नाही. वर्ष गेलं. पाटलानं घरी निरोप धाडला, पोरीनं माफी मागावी. बापानं मला एकच विचारलं.

"तुह्यं बरोबर हाय?"

"हाय."

"मंग माफी कायची?"

जूनमध्ये त्याच वर्गात पुन्हा नाव घातलं. पहिल्या बाकावर बसले. हजेरी घेताना सर माझ्या नावाशी अडखळले. मी त्यांच्या डोळ्यांत पाहत हजर म्हटलं. त्यांच्याकडून मला काही नको होतं. दया नको, शाबासकी नको. मी तिथून हलणार नव्हते.